जुन्या गाड्यांचे ब्रेक: भंगारातून काय आणावं, काय तिथेच सोडावं (पुणे)

पद्मिनी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

सध्या आपल्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. पद्मिनीचा मास्टर सिलिंडर कुठे मिळेल? एस्टीमचा डावा कॅलिपर आहे का कुणाकडे? कॉन्टेसाचा मागचा ड्रम? कुणीतरी 'भंगारात बघ' म्हणून मोकळा होतो, विचारणारा सुट्टीच्या दिवशी जातो आणि हाताला लागेल ते उचलून आणतो. इंडिकेटरची काच अशी आणली तर काही बिघडत नाही. ब्रेकचं तसं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे टोकावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: भंगारातून फक्त धातू आणायचा. रबर आणि घासणारी वस्तू नवीनच घ्यायची. आणि आणलेला धातूसुद्धा पूर्ण उघडून, मोजून, नवीन किट (आतल्या रबरी भागांचा संच) टाकल्याशिवाय गाडीला लावायचा नाही.

धातू म्हणजे मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोराने ऑइल दाबणारा) बॉडी, व्हील सिलिंडरची (चाकापाशी शू ढकलणारा) बॉडी, कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा) आणि त्याचं ब्रॅकेट, ड्रम, बॅकप्लेट (ड्रममागची ताटली), पेडलचा सांगाडा, हँडब्रेकचा लिव्हर, ब्रेक शूची (ड्रमला आतून टेकणाऱ्या कमानी) लोखंडी जोडी. बॅकप्लेटकडे फारसं कुणी बघत नाही. शू जिथे बॅकप्लेटला टेकतो तिथे वर्षानुवर्षं घासून खाच पडते, मग शू त्या खाचेत अडकतो, ब्रेक सोडला तरी परत येत नाही आणि चाक गरम होतं. लोक सिलिंडर बदलतात, स्प्रिंग बदलतात, दोष मात्र तिथेच राहतो. अशा वेळी खाच नसलेली बॅकप्लेट भंगारात दिसली तर सोडू नका, दुकानात ती मिळवणं फार कठीण आहे.

होज पाईप (चाकाकडे जाणारी रबरी नळी), वॉशर (पिस्टनपाशी ऑइल अडवणारं रबर), बूट (धूळ अडवणारं रबरी टोपण), पॅड, लायनर (शूवरचा घासणारा थर), जुनं ऑइल यातलं काहीही आणायचं नाही. होज पाईप बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो. पेडल दाबल्यावर दाब पुढे जातो, सोडल्यावर ऑइल परत येत नाही, आणि ते चाक जाम राहतं. बाहेरून काही कळत नाही.

आता उभ्या गाडीवर बघायचं कसं. समजा व्हील सिलिंडर हवा आहे. सगळ्यात आधी हवा काढायच्या निपलला रिंग पाना लावा. ओपन पाना नको, निपलची कड गोल होते. निपल फिरला तर निम्मं काम झालं. नाही फिरला आणि तुटला, तर ती बॉडी बहुतेक कामातून गेली. मग बूट उचला. आत कोरडी धूळ असेल तर ठीक, तपकिरी चिखल असेल तर ऑइल आणि पाणी दोन्ही आत साचलेलं आहे. पिस्टन अंगठ्याने दाबून बघा, हलतो का. मालक हो म्हणाला तर तिथेच दोन्ही पिस्टन बाहेर काढा, फडक्याने पुसा आणि सिलिंडर आभाळाकडे धरून आरपार बघा. करडा, एकसारखा डाग असेल तर तो निघतो. नखाला अडकणारा खड्डा असेल तर बॉडी परत ठेवा.

खड्डा कुठे आहे तेही बघा, कारण एक अनुभव सगळ्यांनाच येतो: नवे लायनर टाकले आणि आठवड्याभरात सिलिंडर गळायला लागला. होतं असं की पाणी सिलिंडरच्या मधोमध, तळाला साचतं आणि गंज तिथे चढतो. लायनर झिजत जातात तसे पिस्टन बाहेर सरकत राहतात, त्यामुळे वॉशर त्या गंजावरून जातच नाही आणि गळत नाही. नवे जाड लायनर आले की पिस्टन आत ढकलले जातात, वॉशर बरोबर त्या खड्ड्यांवर येऊन बसतो आणि फाटतो. मेकॅनिकला दोष दिला जातो, लायनरला दोष दिला जातो. म्हणून 'चालू गाडीतून काढलाय, गळत नव्हता' या विक्रेत्याच्या वाक्याला मी काही किंमत देत नाही.

जागांबद्दल. पूर्वी आपण सरळ कुदळवाडी-चिखलीला जायचो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कारवाईत तिथली हजारो बांधकामं पाडली गेली, त्यात भंगाराची गोदामंही गेली. त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबून तिकडे जाऊ नका, आधी ओळखीच्या मेकॅनिककडून चौकशी करा. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे सुटे, लहान भाग आणि हत्यारं बघायची. हायड्रॉलिक भाग तिथून घेताना मी दुप्पट सावध असतो, कारण तो कुठल्या गाडीचा, किती दिवस तोंड उघडं ठेवून पावसात पडलेला, हे कळायला मार्ग नाही. आणि एक पथ्य पाळा: भंगारात जायच्या आधी नाना पेठेत जाऊन त्या मापाची किट मिळते का ते विचारा. किट नसेल तर बॉडी कितीही सुंदर मिळाली तरी ती शोपीस आहे.

---

गौरी_८००

फार उपयोगी लिहिलंत काका. माझ्याकडे बाबांची मारुती ८०० आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. उजव्या चाकाचा कॅलिपर जाम आहे. मेकॅनिक म्हणतोय की भंगारात डावा मिळालाय, तोच उलटा करून बसवतो. बसतो का असा?

---

पद्मिनी_कोथरूड

ताई, बोल्ट जुळले तरी बसवू देऊ नका. कॅलिपरचा हवा काढायचा निपल नेहमी वरच्या अंगाला असतो, कारण हवा वर चढते. डावा कॅलिपर उजवीकडे लावला की निपल खाली येतो. मग दिवसभर हवा काढत बसलात तरी वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा तसाच राहणार आणि पेडल स्पंजसारखं दबणार. उजवीकडचाच शोधा.

मिळाला की पिस्टन बाहेर काढून त्याचा पृष्ठभाग बघा. क्रोम सोलवटलेलं असेल, टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके असतील, तर पिस्टन नवीन घ्यावा लागेल. कॅलिपरमध्ये सील बॉडीत बसलेलं असतं आणि पिस्टन त्यावरून सरकतो, त्यामुळे तिथे पिस्टनची कांती जास्त महत्त्वाची. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या पिना हाताने सरकल्या पाहिजेत. बऱ्याचदा 'जाम कॅलिपर' म्हणजे फक्त वाळलेल्या पिना असतात. तुमचा जुना आधी उघडून बघा, कदाचित सील, बूट आणि पिनांचं ग्रीस एवढ्यातच काम होईल.

पिस्टन काढताना कंप्रेसरची हवा मारत असाल तर समोर लाकडाची फळी ठेवा आणि बोटं लांब ठेवा. तो गोळीसारखा सुटतो.

डिस्क मात्र भंगारातून आणू नका. ८००, झेन, एस्टीमसाठी नवी डिस्क बाजारात मिळते. जुनीवर किमान जाडी कोरलेली असते, मोजली तर बहुतेक वेळा ती त्या मापाच्या आसपास किंवा खालीच निघते.

---

घाटवेडा

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. ब्रेकचा एकही भाग भंगारातून येऊ नये. दिवे घाट किंवा सिंहगड उतरताना ब्रेक गेला तर तुम्ही एकटे जात नाही, समोरच्या दुचाकीवरचं कुटुंब जातं. जिथे नवीन मिळत नाही तिथे गाडी उभी ठेवा.

---

पद्मिनी_कोथरूड

घाटवेडा, तुमची काळजी पूर्ण मान्य. पण पद्मिनीचं उत्पादन थांबून आता दोन दशकं उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्यासाठी स्पेअर बनत होते आणि आपलीही सोय व्हायची. आता बाजारात 'नवीन' म्हणून जे मिळतं त्यात खोक्यावर नाव नसलेला मालही असतो. ओतीव लोखंड भुसभुशीत, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) खरबरीत. त्यापेक्षा कारखान्यातून निघालेली मूळ बॉडी, खड्डा नसलेली, नवीन किट टाकलेली, मला जास्त भरवशाची वाटते. नवीन पार्टसुद्धा मी उघडून, मोजूनच लावतो.

गाडी उभी ठेवण्याबद्दल म्हणाल तर उभ्या गाडीचे ब्रेकच सगळ्यात आधी खराब होतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी शोषलेल्याची मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी तेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे घाटात ड्रम तापले की जुनं ऑइल उकळणार, नळीत वाफ होणार आणि पेडल सरळ तळाला जाणार. सिंहगड उतरताना ब्रेक जाण्यामागे बऱ्याचदा सिलिंडर नसतो, वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल असतं. दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालो न चालो.

---

घाटवेडा

ऑइलचा मुद्दा बरोबर आहे. आणि घाटात ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हेही लिहा. नव्या पोरांना कुणी सांगत नाही. भंगाराबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण तुमच्यासारखं उघडून मोजणारे किती असतात, हा माझा प्रश्न आहे.

---

लेथमास्तर

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, ड्रम आणि सिलिंडरची कामं रोज येतात. मोजण्याबद्दल मी लिहितो.

ड्रम हातात आला की आधी धूळ पुसा, पण हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मग ड्रम बोटावर टांगा आणि पान्याने हलकेच वाजवा. चांगला ड्रम घंटेसारखा वाजत राहतो, तडा असेल तर बद्द आवाज येतो. आत निळे-काळे डाग दिसले तर तिथे लोखंड तापून कडक झालेलं असतं, हत्यार त्यावर उड्या मारतं आणि ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं.

व्यास मोजताना काठाच्या उंचवट्यावर मोजू नका, तिथे लायनर पोहोचलेलाच नसतो, त्यामुळे ड्रम नवाकोरा वाटतो. आत, जिथे घासतो तिथे, एकमेकांना काटकोनात दोन मापं घ्या. फरक आला म्हणजे ड्रम अंडाकृती झालाय. थोडं असेल तर लेथवर निघतं. पण बऱ्याच ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो, त्याच्या पुढे मी मारत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नाही. भिंत पातळ झाली की ड्रम उष्णता धरू शकत नाही आणि घाटात पसरतो. एकाच ॲक्सलचे दोन्ही ड्रम एका मापाचे करायचे. एक मारला आणि दुसरा तसाच ठेवला तर गाडी एका बाजूला ओढणार. ड्रम मोठा केला की शूवर बसवलेले लायनरही त्या गोलाईला घासून घ्यावे लागतात, नाहीतर फक्त मध्ये टेकतात.

सिलिंडरचा बोअर होन करायचा (आतून बारीक घासायचा) तर हलक्या हाताने, डाग जाईपर्यंतच. खड्डा जाईपर्यंत घासत बसलात तर बोअर मोठा होतो आणि नवा वॉशरही धरत नाही. ॲल्युमिनियमच्या बॉडीला होन लावूच नका, वरचा कडक थर निघून जातो. ओतीव लोखंडाची बॉडी दुर्मिळ असेल तर पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (आत बसवायची नळी) टाकून मूळ मापाला आणता येते. पण ऑइलची भोकं परत बरोबर जागी पाडावी लागतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक भोक सुईएवढं असतं. पेडल सोडल्यावर जादा ऑइल त्यातून टाकीत परत जातं. त्याच्या आतल्या तोंडाला बर (भोक पाडताना उरलेली धारदार कड) राहिली तर पहिल्याच दिवशी वॉशर कापला जातो.

---

अ‍ॅम्बी_सातारा_रोड

मास्तर, ॲम्बॅसॅडरला फियाटचे पाईप लावलेले मी पाहिलेत. चालतात?

---

लेथमास्तर

चालत नाहीत. ॲम्बॅसॅडर ब्रिटिश घराण्यातली, तिचे आटे इंची. फियाट मेट्रिक. तीन अष्टमांश इंची नट दहा मिलिमीटरच्या भोकात बऱ्यापैकी आत जातो आणि फिट्ट वाटतो, पण आटे पूर्ण धरलेले नसतात. पेडल जोरात दाबलं की सुटू शकतो. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि हलता कामा नये. शंका आली तर थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावा.

पाईपही भंगारातले नकोच. आतून गंजतात. नवीन बंडी पाईप (ब्रेकसाठीचा स्टीलचा पाईप) घ्या, डबल फ्लेअर (पाईपचं टोक पसरवून दुहेरी दुमडणं) करून घ्या. फ्रिज-एसीचा तांब्याचा पाईप सिंगल फ्लेअर करून लावणारे आहेत, त्यांना हात जोडून नाही म्हणा. तांबं थरथरीने कडक होतं आणि फ्लेअरपाशी चिरतं.

---

निवृत्त_आरटीओ_एजंट

कागदांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. भाग घेताना पावती घ्या, साध्या कागदावर का होईना, त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. कापलेल्या गाडीची नोंदणी रद्द करण्यासाठी मालकाने १४ दिवसांत कळवायचं असतं (मोटार वाहन कायदा, कलम ५५), त्यामुळे सरळ व्यवहार करणाऱ्याकडे त्याचे कागद असतात. जो नंबर सांगायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरं, १५ वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. एवढे पैसे भरून गाडी तपासणीला नेणार असाल तर ब्रेकचं काम आधीच करून घ्या. हँडब्रेकसुद्धा.

---

गौरी_८००

सगळ्यांचे आभार. काकांचं ऐकून जुना कॅलिपर उघडायला लावला. पिस्टन स्वच्छ निघाला, दोष पिनांचाच होता! भंगारातलं काहीच लागलं नाही. पण मेकॅनिकने सगळं पेट्रोलमध्ये धुतलं. काही बिघडतं का?

---

पद्मिनी_कोथरूड

चांगली बातमी. पेट्रोलचं मात्र बिघडतं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यातलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. सगळे धातूचे भाग ब्रेक क्लीनरने किंवा स्पिरिटने परत पुसून कोरडे करा. सील त्या पेट्रोलमध्ये पडलं असेल तर ते फेका, नवीन घ्या, आणि बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबर ग्रीस लावा. पिनांनाही साधं ग्रीस नको, ब्रेकचंच.

भंगारातून आणलेल्या बॉडीबाबत हेच ध्यानात ठेवा. वॉशर काढल्यावर तो फुगून छत्रीसारखा उलटला असेल, तर त्या गाडीत कुणीतरी चुकीचं तेल ओतलं होतं. बॉडी स्पिरिटने आतून-बाहेरून दोनदा धुवा, सुईएवढं भोकसुद्धा. त्या गाडीचा दुसरा कुठलाही रबरी भाग घेऊ नका.

---

घाटवेडा

मोठा सिलिंडर टाकला तर ब्रेक जास्त लागेल असं मला एका गॅरेजमध्ये सांगितलं. खरं का?

---

पद्मिनी_कोथरूड

चाकाचा सिलिंडर मोठा केला तर त्या चाकाला जोर जास्त मिळतो, हे खरं. पण मागच्या चाकांना जास्त मिळाला तर पावसात मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. मास्टर सिलिंडर मोठा केला तर उलट होतं, पेडल कमी आत जातं पण पाय जास्त जोरात दाबावा लागतो. कारखान्याने पुढचं-मागचं माप ठरवून दिलेलं असतं. बॉडीवर किंवा वॉशरवर माप कोरलेलं असतं, ते जुळलं तरच घ्या. अंदाजे 'थोडाच फरक आहे' म्हणून घेऊ नका. आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचं युनिट तर भंगारातून आणूच नका, आत काय झालंय हे आपल्याला घरी कळणार नाही.

---

अ‍ॅम्बी_सातारा_रोड

हवा काढायचा क्रम कुठून?

---

पद्मिनी_कोथरूड

मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या गाड्यांत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. ज्या गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरप्या विभागलेल्या आहेत तिथे मॅन्युअल बघा.

आणि पेडल तळापर्यंत मारू नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज बसलेला असतो. हवा काढताना पेडल पूर्ण दाबलं की वॉशर त्या गंजावरून फाटत जातो आणि दुसऱ्या दिवशी पेडल हळूहळू खाली बसायला लागतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून काम करा. झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरा, मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टर सिलिंडरच्या मागे, जिथे पेडलचा दांडा येतो तिथे, कोरडं बोट फिरवा. पहिले काही दिवस रिकाम्या रस्त्यावर हळू चालवा, दोन-तीन दिवसांनी परत बघा. त्यानंतर घाट.

---

लेथमास्तर

एक राहिलं. ज्यांनी बॉडी आणून ठेवल्यात आणि बोअर मोजायला साधन नाही, त्यांनी दोन्ही चाकांच्या बॉडी घेऊन वर्कशॉपला या. मापून सांगायचे पैसे घेत नाही. येताना वॉशरही आणा, त्याशिवाय माप जुळतं की नाही ते सांगता येणार नाही.